कॉन्ट्रा पुन्हा खेळताना: जुना हात, नवा टीव्ही आणि तीनच लाइफ

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहत असताना मी आणि माझा धाकटा भाऊ, कॉन्ट्रा या बंदुकीच्या टीव्ही गेमच्या आठही स्टेज आम्ही डोळे मिटून पार करतो, असे बाकीच्या मुलांना सांगत असू, आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते. पुढे बऱ्याच वर्षांनी घोडबंदर रस्त्यावरच्या घरात, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तोच खेळ लावला, तेव्हा पहिल्या स्टेजमधला पहिला पूल येण्याच्या आतच माझ्या तीनही लाइफ संपल्या. शेजारी बसलेल्या पुतणीने अगदी नम्रपणे विचारले, “काका, हाच का तो गेम?”

त्यानंतरचे दोन महिने मी हा खेळ पुन्हा शिकण्यात घालवले. वय झाले, हात जड झाले, हे मी सुरुवातीला धरलेले कारण फारसे खरे नव्हते. खरी कारणे निराळी होती, त्यांतली निम्मी खेळाबाहेरची होती आणि त्या प्रत्येकावर उपाय होता. ज्यांनी लहानपणी ‘टीव्ही गेम’वर कॉन्ट्रा खेळलेला आहे आणि आता तो नव्या संचातून खेळू पाहत आहेत, त्यांच्यासाठी ते उपाय ज्या क्रमाने करावेत त्याच क्रमाने पुढे दिले आहेत.

संचात काय मिळते

कोनामी कंपनीने २०१९ साली, स्थापनेला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ हा संच काढला. तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, निंटेंडो स्विच आणि संगणकासाठी स्टीमवर मिळतो. त्यात १९८७ सालचा आर्केडवरचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा, मूळ कॉन्ट्रा आणि १९८८ सालचा सुपर कॉन्ट्रा आहे, घरगुती यंत्रांवरचा कॉन्ट्रा आणि सुपर सी आहे, गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा ऑपरेशन सी आहे, १९९२ सालचा कॉन्ट्रा ३ आणि १९९४ सालचा हार्ड कोअर आहे. यांपैकी काहींच्या जपानी आणि युरोपीय आवृत्त्याही आहेत, त्यामुळे एकच खेळ दोनदा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

आपण लहानपणी खेळलो तो कॉन्ट्रा म्हणजे १९८८ साली निंटेंडोच्या घरगुती यंत्रावर, म्हणजे जपानमध्ये फॅमिकॉमवर आणि अमेरिकेत एनईएसवर, आलेला खेळ. आपल्याकडची बहुतेक यंत्रे या फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि ज्याला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू ते कार्ट्रिजही बहुधा नक्कलच असे. म्हणून यादीतले पहिले नाव दिसताच आर्केडचा कॉन्ट्रा सुरू करू नये. त्याचा पडदा उभा आहे, टीव्हीवर तो मधोमध अरुंद पट्ट्यासारखा दिसतो, आणि ओळखीची एकही जागा ओळखीच्या ठिकाणी सापडत नाही. माझी पहिली संध्याकाळ त्यातच फुकट गेली.

हात का चुकतो

हा भाग मी सर्वांत शेवटी समजून घेतला, पण वाचणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावा. अमेरिकेत आणि जपानमध्ये टीव्हीचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा ताजे होत असे, तर आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ५० वेळा. त्या काळातले खेळ या एकेका चित्रावर, म्हणजे चौकटीवरच, चालत: प्रत्येक चौकटीला शिपाई ठरावीक अंतर पुढे सरके आणि गोळीही ठरावीक अंतर जाई. पाल टीव्हीसाठी तयार केलेल्या यंत्रावर सेकंदाला चौकटीच कमी पडत असल्यामुळे सगळा खेळ एक षष्ठांशाने संथ चाले, म्हणजे मूळ खेळात ५० सेकंदांत घडणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे पूर्ण मिनिट लागे. संचातला अमेरिकी आणि जपानी कॉन्ट्रा मात्र ६०च्या मूळ वेगाने चालतो. आपल्या अंगठ्याने लहानपणी जी लय घोकली ती या वेगाची नाहीच, त्यामुळे उडी थोडी उशिरा पडते आणि शिपाई थोडा लवकर येतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिले तीन-चार दिवस आठवणीवर विसंबू नये. कुठे काय येणार हे आठवणीने जरूर सांगावे, पण केव्हा येणार हे डोळ्यांनी नव्याने पाहावे. मी पहिली स्टेज सलग दहा वेळा, पुढे जाण्याची घाई न करता, केवळ वेग अंगात मुरावा म्हणून खेळलो, आणि सहाव्या-सातव्या खेपेला उड्या आपोआप जागेवर पडू लागल्या.

टीव्ही आधी सुधारावा

दुसरे कारण टीव्ही. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबणे आणि चित्र हलणे यांत जवळजवळ अंतर नसे. आजचा टीव्ही चित्र दाखवण्याआधी ते गुळगुळीत करतो, रंग खुलवतो, मधल्या चौकटी स्वतःच तयार करतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. चित्रपट पाहताना तो उशीर कळत नाही, पण कॉन्ट्रामध्ये एक चौकट म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद असते, आणि टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर आपण सहा चौकटी मागे खेळत असतो.

उपाय असा करावा. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करावा. तो बहुधा प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून गेमचे यंत्र ज्या तोंडाला जोडले आहे तेच निवडले आहे ना, हे पाहावे. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. मग मोजून पाहावे, कारण मनाच्या अंदाजावर विश्वास ठेवण्यासारखी ही गोष्ट नाही. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटींचे स्लो मोशन चित्रीकरण असते. आपला अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन टेकवून उडीचे बटण सात-आठ वेळा दाबावे, आणि नंतर चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत बटण खाली गेल्यापासून खेळाडू हलेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. २४ चौकटी म्हणजे १०० मिलिसेकंद. गेम मोडशिवाय माझ्या टीव्हीवर ३० चौकटींहून अधिक लागत होत्या. तो चालू केल्यावर त्या निम्म्याहून खाली आल्या, आणि ज्या शिपायाला मी आठवडाभर शिव्या घालत होतो तो एकदम शहाण्यासारखा वागू लागला.

आवाजासाठी ब्लूटूथचा स्पीकर लावला असेल तर तोही या वेळेपुरता काढावा. चित्र वेळेवर आणि गोळीचा आवाज मागाहून, अशाने लय बिघडते.

चित्राच्या आकाराविषयी थोडक्यात सांगतो. संचात मूळ प्रमाण आणि पूर्ण पडदाभर ताणलेले चित्र, असे दोन्ही पर्याय आहेत. ताणलेले चित्र घेऊ नये. हा खेळ ४:३ या प्रमाणासाठी काढलेला आहे. ताणल्यावर शिपाई बुटके होतात आणि आडवे अंतर खोटे दिसते. पडद्यावर जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेषा आणणारी सोय ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडतो. मला ती दिवा मालवून खेळताना आवडते.

रिमोट

खेळायच्या कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणत असू, म्हणून तोच शब्द ठेवतो. कॉन्ट्रा खेळताना गोल फिरणारी दांडी वापरू नये, चार दिशांचे अधिक चिन्हासारखे बटण वापरावे. खेळात बंदूक आठ दिशांना रोखता येते, आणि दांडीवर तिरपी दिशा नकळत लागते. ही चूक स्वस्त रिमोटच्या दिशाबटणातही असते. स्टेशनाजवळच्या एका दुकानातून घेतलेल्या रिमोटने मला बरेच दिवस असे फसवले: मी उजवीकडे दाबत असे आणि मध्येच बंदूक तिरपी वर जाई. ओळखण्याची रीत सोपी आहे. पहिल्या स्टेजच्या सुरुवातीला उभे राहून फक्त उजवे बटण दाबून धरावे आणि अंगठा थोडा डळमळू द्यावा. धावणाऱ्या खेळाडूची बंदूक एकदाही वर किंवा खाली झाली तर रिमोट बदलावा.

उजव्या अंगठ्याचे टोक गोळीच्या बटणावर आणि त्याच अंगठ्याचा मधला भाग उडीच्या बटणावर आडवा ठेवावा, म्हणजे गोळ्या न थांबवता उडी मारता येते. दोन बटणांवर अंगठा उचलून नाचवणारा माणूस दुसऱ्या स्टेजच्या पुढे सहसा जात नाही. याशिवाय विसरलेल्या तीन गोष्टी पुन्हा आठवाव्यात: खाली दाबले की आडवे पडता येते, खाली दाबून उडी मारली की आपण उभे असलेल्या कड्यावरून खालच्या कड्यावर उतरता येते, आणि उडी मारल्यावर हवेतही दिशा बदलता येते.

तीस लाइफची एक संध्याकाळ

आता गाजलेली युक्ती. एनईएसच्या कॉन्ट्राच्या शीर्षकपडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि मग स्टार्ट दाबले की तीन ऐवजी तीस लाइफ मिळतात. दोघे खेळणार असल्यास स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबायचे. नव्या रिमोटवर अक्षरे वेगळी असू शकतात, म्हणून गोळी सुटते ते बटण बी आणि उडी मारते ते ए, असे धरावे. ही खूण कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रॅडियस हा खेळ घरगुती यंत्रावर आणताना, तो तपासण्यासाठी स्वतःच्या सोयीकरिता ठेवली आणि ती तशीच राहून गेली.

ही युक्ती वापरण्यात कमीपणा मानू नये, पण ती एकदाच, पहिल्या संध्याकाळी वापरावी. आठही स्टेज एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, आपल्याला काय आठवते आणि काय आठवत नाही ते कागदावर लिहावे, आणि दुसऱ्या दिवसापासून तीन लाइफवर यावे. तीस लाइफ हातात असताना माणूस गोळी चुकवायला शिकतच नाही.

याच कारणाने सेव्ह करण्याची सोयही जपून वापरावी. संचात कुठेही थांबून खेळ जतन करता येतो, आणि दर दहा पावलांवर तसे केल्यास एका रविवारात शेवट गाठता येतो, पण हातात काहीच उरत नाही. मी फक्त स्टेजच्या सुरुवातीला जतन करतो आणि जी स्टेज अडते तेवढीच त्या ठिकाणाहून पुन्हा पुन्हा खेळतो. त्यातही एक पथ्य आहे: सरावासाठी जतन करताना हातात चांगली बंदूक असलेली आणि साधी बंदूक असलेली, अशा दोन्ही परिस्थितींत तिथून खेळून पाहावे. प्रत्यक्षात आपण तिथे कोणत्या अवस्थेत पोहोचू, हे आधी सांगता येत नाही.

बंदूक सांभाळणे

कॉन्ट्रामध्ये लाइफ जाण्याचे दुःख खरे तर बंदूक जाण्याचे असते. मेल्यावर पुन्हा साधी बंदूक हाती येते, तिने पुढची जागा अवघड होते, तिथे पुन्हा मरण येते, आणि तीन लाइफ मिनिटाच्या आत संपतात. म्हणून कोणती बंदूक घ्यावी याचा निर्णय खेळ सुरू होण्याआधी झालेला असावा.

बंदुका अक्षरांच्या खुणेने ओळखायच्या, आणि त्यांत ‘एस’ सर्वांत चांगली. ती एका वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरवते, त्यामुळे निशाणा साधावा लागत नाही. तिचे खरे बळ जवळून दिसते: बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, अगदी जवळ उभे राहिले तर पसरण्याआधीच पाचही गोळ्या एकाच जागी लागतात, आणि लांबून अर्धा मिनिट घेणारा बॉस काही सेकंदांत कोसळतो. ‘एम’ बटण दाबून धरले तरी चालत राहते, म्हणून अंगठा दुखणाऱ्याने ती घ्यावी. ‘एल’ म्हणजे लेझर. तिची गंमत अशी की पहिला किरण लागण्याआधी पुन्हा बटण दाबले तर तो नाहीसा होऊन नवा सुरू होतो, म्हणून घाईने बटण बडवणाऱ्याला ती निरुपयोगी वाटते. तिच्यासोबत शांतपणे एकेक किरण सोडावा. ‘एफ’ गोल गोल फिरत जाते आणि मला ती कधीच मानवली नाही. ‘आर’ ही बंदूक नाही, ती गोळ्यांचा वेग वाढवते. ‘बी’ थोडा वेळ अभेद्य करते. ही दोन्ही बिनधास्त घ्यावीत. पण हातात ‘एस’ असताना वरून ‘एल’ किंवा ‘एफ’ पडत असेल तर तिच्यापासून शत्रूइतकेच दूर पळावे, कारण स्पर्श होताच हातातली बंदूक बदलते.

स्टेज

पहिल्या जंगलात एक गोष्ट बहुतेक जण विसरलेले असतात: पाण्यात पडणे म्हणजे मरण नव्हे. पाण्यात उभे राहून खाली दाबले की खेळाडू डुबकी मारतो आणि तेवढा वेळ गोळी लागत नाही, फक्त आपल्यालाही झाडता येत नाही. स्फोट होत कोसळणाऱ्या पुलावर घाबरून थांबण्यापेक्षा धावत राहावे, आणि पडलोच तर पाण्यातून पुढे जावे. पडदा फक्त पुढे सरकतो, मागे नाही. पुतणीला याचे फार नवल वाटले. मागे राहिलेले उचलायला परत का जाता येत नाही, हा तिचा प्रश्न होता. जाता येत नाही, म्हणून पुढच्या कडेला शत्रू दिसला की थांबावे, त्याला संपवावे आणि मग पाऊल टाकावे. धावणे ही सवय तीस लाइफची आहे.

दुसरी आणि चौथी स्टेज तळाच्या आतली, पाठीमागून दिसणारी. समोरच्या भिंतीतली ठाणी फोडून विजेचा अडसर उतरवायचा, एवढेच काम आहे. गोळी आली की आडवे पडावे, लोळत येणारी वस्तू आली की उडी मारावी. पाचवी बर्फाची, सहावी ज्वाळांची. ज्वाळा ठरावीक वेळाने येतात आणि जातात, म्हणून एक पूर्ण फेरी उभे राहून पाहावी आणि दुसऱ्या फेरीला निघावे. सातव्या स्टेजमध्ये वरून येणारे पंजे आणि खालून उठणाऱ्या काट्यांच्या भिंती माझ्या सर्वाधिक लाइफ खाऊन गेल्या. तिथे काटे उठून बसेपर्यंत दूर उभे राहून गोळ्या झाडणे हाच मार्ग आहे.

कधी कधी पडद्यावरची गोळी लुकलुकते किंवा क्षणभर दिसेनाशी होते. टीव्हीत बिघाड नाही. मूळ यंत्राला एका आडव्या रेषेत आठच हलत्या आकृती दाखवता येत, आणि संचात तो स्वभाव तसाच ठेवला आहे. गर्दीच्या जागी गोळी पाहण्यापेक्षा ती कुठून सुटते ती जागा लक्षात ठेवावी.

त्यानंतर काय खेळावे

आठही स्टेज तीन लाइफ आणि त्या संपल्यावर पुन्हा सुरू करायला मिळणाऱ्या तीन कंटिन्यूवर पार झाल्या की लगेच त्याच खेळाची जपानी आवृत्ती लावावी. जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीची स्वतःची व्हीआरसी २ ही चिप होती, त्यामुळे जंगलातली झाडे वाऱ्याने हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये खरोखर बर्फ पडते आणि स्टेजच्या आधी नकाशा येतो. तळहातासारख्या पाठ झालेल्या जागेत ही हालचाल पाहण्याची मजा वेगळीच आहे, म्हणूनच ती आधी पाहू नये.

मग सुपर सी. त्यात तीस लाइफची युक्ती चालत नाही. उजवे, डावे, खाली, वर, ए, बी आणि स्टार्ट दाबल्यास दहा मिळतात. ऑपरेशन सी पाचच स्टेजचा आहे, एखाद्या दुपारी होतो. कॉन्ट्रा ३ सोप्या पातळीवर सुरू करावा. त्यात दोन बंदुका जवळ बाळगता येतात आणि मेल्यावर हातात असलेलीच जाते, त्यामुळे मरण अटळ दिसताच हलकी बंदूक हातात घेण्याची सवय लावावी. हार्ड कोअर शेवटी. नोबुया नाकाझातो यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या दोन खेळांत एकामागून एक बॉस येतात, आणि हार्ड कोअरमध्ये तर ते संपतच नाहीत. चार खेळाडूंपैकी ब्राउनी हा छोटा यंत्रमानव घ्यावा, कारण तो लहान असल्याने गोळ्या कमी लागतात आणि हवेत दुसरी उडी मारतो. घसरत जाताना इजा होत नाही, हे तिथे कुठेही न सांगितलेले पण सर्वांत उपयोगी तंत्र आहे.

युरोपात हेच खेळ प्रोबोटेक्टर या नावाने आले आणि त्यांत माणसांच्या जागी यंत्रमानव आहेत. उत्सुकता म्हणून एकदा पाहावेत.

दोघांनी खेळताना

संचात एकाच घरात बसून दोघांनी खेळता येते, आणि माझ्या मते कॉन्ट्रा खरा तसाच आहे. माझा भाऊ आता नेरूळला राहतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ठाण्याची लोकल पकडून येतो. आमची भांडणे वीस वर्षांपूर्वी जिथे होत तिथेच आजही होतात: तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजवर. तिथे पडदा वर सरकतो, जो आधी वर चढेल तो पडदा ओढून नेतो, आणि जो खालच्या कड्यावर उरला तो पडद्याच्या खालच्या कडेबरोबर मरतो. गोळी लागत नाही, शत्रूही नसतो, भाऊच मारतो.

यासाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. चढण्याचा क्रम खालच्याने ठरवायचा, आणि त्याने “चल” म्हटल्याशिवाय वरच्याने उडी मारायची नाही. ‘एस’ पडली तर ज्याच्या हातात साधी बंदूक आहे त्याने घ्यायची. दोघांच्याही हातात साधीच असेल तर ज्याच्या लाइफ कमी आहेत त्याने. आणि बॉसच्या जागी एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून उभे राहायचे, म्हणजे धबधब्याच्या टोकावरच्या त्या राक्षसाच्या दोन लांब हातांपैकी एकेक हात एकेकाच्या वाट्याला येतो. गेल्या खेपेस आम्ही असे करत पाचव्या स्टेजपर्यंत एकही लाइफ न गमावता गेलो. नंतर बर्फात भावाने वरून पडणारी ‘एफ’ उचलली, आणि ती का उचलली यावर जेवण होईपर्यंत चर्चा चालली.